होय रे फळ्या

टक्क… फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं मॅग्नेट फरशीवर पडलं आणि मी श्वास रोखून धरला.

रविवारी दुपारी तेजू झोपली की घरात जी शांतता होते, ती मी आठवडाभर वाट बघून मिळवलेली असते. आई आतल्या खोलीत तोंडावर पेपर घेऊन आडवी झालेली. बाहेर कावळासुद्धा गप्प. आणि नेमकं तेव्हाच ह्या मॅग्नेटला पडायचं होतं! तेजू कुशीवर वळली, अंगठा तोंडात घातला… आणि पुन्हा झोपली. सुटले.

वाकून मॅग्नेट उचललं. त्याच्याबरोबर एक चौकोनी कागदही खाली आला होता. तेजूने मघाशी, झोपायच्या आधी काढलेला माणूस. उभे केस, पोटापर्यंत पोचलेलं हसू, हातात मासा. मासा माणसापेक्षा मोठा. खाली नाव नाही, तिला अजून लिहिता येत नाही. पण कोण आहे ते कळायला नाव कशाला लागतंय?

ह्या माणसाने मला जेवढा वैताग दिला, तेवढा आयुष्यात कोणी दिला नसेल. आणि हे मी माझा घटस्फोटाचा वकील धरून सांगते आहे.

तो मला पहिल्यांदा दिसला राम आळीतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात. गेल्या थंडीत. मी रंगीत चिकटचिठ्ठ्या घ्यायला गेले होते आणि हा गृहस्थ त्याच चिठ्ठ्यांचा गठ्ठा परत करायला आला होता.

"ह्या चिकटत नाहीत ओ. भिंतीवर लावल्या की सकाळी खाली," तो दुकानदाराला सांगत होता.

मला राहवेना. "भिंत आधी पुसून घेतली होती का?"

त्याने वळून पाहिलं. सावळा, उभ्या केसांचा, डोळ्यांत कसलं तरी हसू लपवून ठेवल्यासारखा. "मॅडम, रत्नागिरीत भिंत पुसली की ती आणखी ओली होते."

"मग कशाला घेतल्यात?"

"ऑर्डर आहे. आमच्याकडे एक कोच येतायत पुण्याहून. क्रिकेटच्या नव्हे, कामाच्या. उभं राहून मीटिंग घेतात म्हणे. आमचं बसून होत नाही, ते उभं राहून कसं होणार, देव जाणे."

"कशा आहेत त्या?"

"बघितलं नाय अजून. पण भिंतीभर चिठ्ठ्या लावणारी बाई म्हंजे… घरातली माणसं कशी राहात असतील हो तिच्याकडे?"

"एक मुलगी आहे आणि एक आई," मी म्हटलं. "दोघी मजेत आहेत. त्या चिठ्ठ्या इकडे द्या, मी घेते."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना बघून त्या दिवसाचं माझं समाधान झालं. मी पैसे दिले आणि वळूनही न बघता बाहेर पडले. थोडंसं वळून बघितलं… थोडंसंच.

तो अभय डोर्लेकर. पूर्णगडचा. वडिलांची बोट, आणि हा बोट सोडून संगणकात शिरलेला. ज्या टीमला मी शिकवायला आले होते तिचा म्होरक्या.

माझं काम सांगायला सोपं आहे आणि करायला… जाऊ दे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या माणसांना एकत्र नीट काम करायला शिकवायचं. अजाइल म्हणतात त्या पद्धतीला. वर्षभर कोंडून घेऊन एकदम डोंगर उभा करायचा नाही. थोडं करायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, चुकलं तर लगेच दुरुस्त करायचं. रोज सकाळी सगळ्यांनी उभ्याउभ्या तीन गोष्टी सांगायच्या – काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय. सगळी कामं कार्डांवर लिहून तीन रांगांत लावायची: करायचंय, चाललंय, झालं. आणि माझा सगळ्यात लाडका नियम – ज्याचं काम, त्याचाच शब्द. दुसऱ्याच्या वतीने कोणी 'होईल' म्हणायचं नाही.

टीम हापूसच्या बागायतदारांसाठी अॅप बनवत होती. गिऱ्हाइकाने मुंबईत बसून पेटी सांगायची, ती थेट बागेतून निघायची. पुण्याच्या साहेबांनी मला बजावलं होतं, "आंबा सुरू व्हायच्या आत ते चाललं पाहिजे. नाही चाललं तर रत्नागिरीचं ऑफिस बंद. तुम्हीही परत पुण्याला."

परत पुण्याला. ज्या शहरात तेजूच्या बाबाचा नवा संसार आहे, तिथे. तेजू इथे आजीच्या हाताने जेवायला लागली होती, बालवाडीत रडायची थांबली होती. मी रात्री दचकून उठायची थांबले होते. मला परत जायचं नव्हतं. एवढं एकच मला हवं होतं, आणि ते माझ्या हातात नव्हतं. ते होतं ह्या मंडळींच्या हातात.

आणि मंडळी कशी? उभ्याने मीटिंग सुरू व्हायची…

"राकेश, काल काय केलं?"

"ते… चालू आहे मॅडम."

"कधी होईल?"

"होईल."

"अडथळा काही?"

"नाय, नाय. अडथळा कसला."

मग कोणीतरी म्हणायचं की गोळपात यंदा मोहर उशिरा आलाय, आणि माझी मीटिंग सरळ आंब्याच्या झाडावर चढायची. मोहर, तुडतुडे, फवारणी, कुणाच्या मामाची कलमं. मी हातातलं पेन दाताखाली धरून उभी. आणि समोर अभय गालातल्या गालात हसतोय!

चिठ्ठ्यांचं तर त्याने सांगितलेलंच खरं झालं. भिंतीला दमट हवेचा घाम. एका सोमवारी येऊन पाहते तर भिंत कोरी. आमच्या झाडलोट करणाऱ्या सखूताईंनी सगळं काम केरात भरून बाहेर ठेवलेलं.

"कागद पडले होते गो बाय, मी लोटले," त्या म्हणाल्या. वर, "इतका कचरा करतात काय कोण भिंतीवर?"

मी खुर्चीत बसले आणि कपाळाला हात लावला. त्या दिवशी पहिल्यांदा अभय हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो पूर्णगडच्या शाळेने टाकून दिलेला लाकडी फळा रिक्षात आडवा घालून घेऊन आला. त्यावर जाळ्याची निळी दोरी तीन ओळींत ताणली आणि कपडे वाळत घालायचे चिमटे माझ्यापुढे धरले.

"हे पडणार नाय. बोटीवर वादळात पण पडत नाय."

"थँक्यू," मी म्हटलं.

"एवढंच?"

"तुमचं स्वतःचं कार्ड आठवडाभर 'चाललंय'मध्ये लोंबतंय. ते सरकवा, मग बघू."

"मॅडम, तुम्ही कधी गोड बोललात तर ते पण कार्डावर लिहून लावू आपण," तो म्हणाला. आणि मला हसू यायला लागलं, म्हणून मी आणखी रागाने पाहिलं.

दर दोन आठवड्यांनी आमची एक बैठक असते. काय बरं झालं, काय बिघडलं, ते मोकळेपणाने बोलायची. ती तर सुतकासारखी व्हायची. सगळे पायाच्या अंगठ्याकडे बघत.

"कसं चाललंय?"

"बरं चाललंय."

बरं चाललंय! बागायतदारांना दाखवायची तारीख उरावर आलेली, पेटीची नोंद मध्येच गायब होतेय, आणि बरं चाललंय. एका बैठकीत माझा आवाज फुटला. "माझ्याशी बोलायचं नसेल तर नका बोलू. पण भिंतीशी तरी बोला! कोणाशी तरी बोला!"

डोळ्यांत पाणी आलं होतं. मी खिडकीकडे वळले.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अभय उठून फळ्यापुढे गेला, हात जोडून उभा राहिला आणि गावच्या मानकऱ्यासारखा खडा आवाज लावला, "बा देवा म्हाराजा…"

"होय म्हाराजा!" सगळ्या टीमने एका दमात म्हटलं.

कोकणात राहून गाऱ्हाणं कोणाला माहीत नाही? देवळात एकाने सगळ्या गावाच्या वतीने देवापुढे मागणं मांडायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी होकार भरायचा. पण ते त्यांच्याकडे. आमच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, आमच्या वाडीत कोणी असं हात जोडून उभं राहात नाही. माझ्या तोंडातून 'होय' निघालं नाही. मी तशीच ताठ उभी राहिले.

अभयने पाहिलं. सगळ्यांत फक्त त्यानेच पाहिलं. जोडलेले हात सोडले आणि म्हणाला, "देव नको. ऑफिस आहे. आपण फळ्यालाच सांगू. बा फळ्या!"

"होय रे फळ्या!" सगळ्यांत मोठा आवाज राकेशचा.

"तुझ्या राकेशला पुण्याचे साहेब रोज गुपचूप फोन करून दुसरंच काम सांगतात, आणि त्याला नाय म्हणता येत नाय रे फळ्या…"

"होय रे फळ्या!" ह्या वेळी राकेशचा आवाज सगळ्यांत बारीक.

मग आमची डिझाइन करणारी ऋतिका पुढे झाली. एरवी तोंड न उघडणारी. "बा फळ्या, मी काढलेली चित्रं एकाही बागायतदाराला कोणी दाखवली नाहीत!"

"होय रे फळ्या!"

"आणि अभयदादा अवघड काम सगळं स्वतःकडे ओढतो, कोणाला हात लावू देत नाय!" राकेशने भर घातली.

अभयचे कान लाल. पण होकार त्यानेही भरला.

"आणि मॅडम इतक्या भरभर बोलतात की चहा मिळेपर्यंत कोणाला काय कळत नाय!" मागून कोणीतरी म्हणालं.

"होय रे फळ्या!" हा सगळ्यांत मोठा होता. आणि त्यात माझाही आवाज होता.

कितीतरी आठवडे जे मिळालं नव्हतं ते एका दुपारी फळ्यावर आलं. राकेशला येणाऱ्या साहेबांच्या फोनला मी उत्तर दिलं. ऋतिका चित्रं घेऊन बागेत गेली. अभयने आपली कामं वाटून दिली, दात ओठ खात का होईना.

त्या संध्याकाळी जिन्यात तो माझ्यासाठी थांबला होता. "मॅडम… तुम्ही गप्प होतात. मला कळलं ते, पण उशिरा. आधी विचारायला हवं होतं."

"मग पुढच्या वेळी विचारा," मी म्हटलं आणि खाली उतरले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, मी मघापासून हसत होते. एकटीच. वैताग नुसता!

आंबा आला. अॅपही चाललं. पहिल्या दिवशी पेट्या निघाल्या तेव्हा ऋतिका नाचली, राकेशने सगळ्यांना वडापाव दिला. साहेबांचा फोन आला: ऑफिस राहणार, तुम्हीही राहणार. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा बाहेर आले, कारण शेवटची बैठक बाकी होती. आता बैठक म्हणजे गाऱ्हाणंच.

अभय पुढे आला. आज शर्ट इस्त्रीचा. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"बा फळ्या, बागायतदारांचं काम पार पडलं…"

"होय रे फळ्या!"

"पण आमच्यातल्या एका माणसाचं एक कार्ड पहिल्या दिवसापासून पहिल्या रांगेतच लोंबतंय…"

"होय रे फळ्या!"

"सरकत नाय, कारण त्याची बोलायची छाती होत नाय…"

"होय रे फळ्या!"

"त्याला एक बाई आवडतात. फार आवडतात. त्या पेन चावतात, भरभर बोलतात, आणि त्यांना हसू आलं की त्या आणखी रागावतात. त्यांनी ह्या माणसाचा विचार करावा…"

"होय रे फळ्या!" सगळे गरजले. सवयीने.

"थांबा… कोण बाई?" ऋतिकाने विचारलं.

"आपण आत्ता कशाला होय म्हटलं?" राकेश.

मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मला काय व्हायला हवं होतं? लाजायला हवं होतं. पोटात फुलपाखरं वगैरे. माझं डोकं तापलं. मी पर्स उचलली, दारापर्यंत गेले आणि परत वळले. "ज्याचं काम, त्याचाच शब्द! हा नियम कोणी शिकवला तुम्हाला? माझ्या आयुष्याला तुम्ही सगळे मिळून 'होय' म्हणून मोकळे?"

आणि धडाधड जिना उतरले.

तो मागून आलाच. खाली रस्त्यावर, शहाळेवाल्याच्या गाडीपाशी त्याने मला गाठलं.

"मॅडम…"

"पुन्हा तेच केलंस! आधी विचारायचं असतं रे! सगळ्यांसमोर फळ्याला सांगतोस, आणि जिचं आहे तिला?" बोलून गेल्यावर कळलं, 'अहो' कुठेतरी जिन्यातच सांडलं होतं.

त्याच्याही लक्षात आलं. पण शहाण्यासारखं त्याने ते दाखवलं नाही. मग हळू म्हणाला, "तुला एकटीला विचारलं असतं… आणि तू नाय म्हणाली असतीस तर? तिकडे निदान सगळे होते. चुकलंच माझं."

"मला मुलगी आहे."

"माहीत आहे. उभं राहून मीटिंग घेणाऱ्या बाईची."

"माझ्या घरी गाऱ्हाणं घालत नाहीत. तुझ्या घरी हे कळलंय?"

"आईला सांगितलं. जाळं शिवत होती, शिवतच राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, मुलीला म्हावरं चालतं का."

मला हसायचं नव्हतं. शपथ. "आणि वडील?"

"बाबा बोलत नाहीत माझ्याशी." त्याने नजर चुकवली नाही. "ते कार्ड माझं आहे. मी सरकवीन. तुझ्यावर नाय टाकणार."

शहाळेवाला कोयता हातात धरून आमच्याकडे बघत होता. मी म्हटलं, "मला वेळ हवा."

"किती?"

"अंदाज विचारू नकोस. नवीन काम आहे."

"बरं. अंदाज नको. रोज सकाळी फक्त तीन प्रश्न विचारले तर चालतील?" आणि मग घाईने, "बघ, आधी विचारतोय."

चालतील, म्हटलं. तेव्हापासून रोज सकाळी जिन्यात –

"काल काय केलं?"

"तुझा राग."

"आज काय करणार?"

"तोच."

"अडथळा?"

"तू! बाजूला हो, उशीर होतोय."

असं कितीतरी दिवस. मग एका सकाळी राग करायचा विसरले होते. दुसऱ्या सकाळी तो पूर्णगडहून आला नाही, बोटीचं काहीतरी काम होतं, आणि जिना उगाच लांबलचक वाटला. इतका संताप आला मला त्याचा… न विचारता रजा घेतो म्हणजे काय!

परवा त्याने "अडथळा?" विचारलं, तेव्हा मी खरं सांगितलं. "तेजू. तिला काय सांगू, कळत नाही."

"तू नको सांगू. मला तिच्यासमोर उभा कर. ती विचारील त्याला मी उत्तर देतो."

म्हणून तो आज आला होता. जेवायला. सुरमई घेऊन, आणि तेवढ्याच आकाराची भीती घेऊन. आईने दारातच त्याला नीट न्याहाळलं. मंडणगडात जन्मभर शाळा चालवलेली बाई, तिने सरळ हजेरी घेतली. गाव, शिक्षण, घरात कोण कोण. बाबा बोलत नाहीत तेही त्याने लपवलं नाही. आई "हं" म्हणाली. आईचं "हं" मला ओळखता येतं. ते नापास करणारं नव्हतं.

तेजू मात्र जेवायला बसेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. माझ्या मागे लपून त्याचे उभे केस बघत होती. पानात मासा आला तशी ती काट्यांकडे बघून ओठ काढायला लागली. अभयचा हात तिच्या पानाकडे गेला… आणि मध्येच थांबला.

"तेजूताई," तो म्हणाला, "काटे मी काढून देऊ? का तू काढणार?"

तेजूने विचार केला. चांगला वेळ घेऊन केला. मग पान त्याच्याकडे सरकवलं.

मी वाटी आणायच्या निमित्ताने उठून आत गेले. ओट्याला धरून उभी राहिले. एवढंसं तर होतं ते, पण मला आजवर एवढंसंसुद्धा कोणी विचारलं नव्हतं.

निघताना दारात चपला घालता घालता त्याने आवाज खाली आणला. "आज सकाळी विचारायचं राहिलं. काल काय केलंस?"

"घर आवरलं. तू येणार म्हणून."

"आज काय करणार?"

"तू गेलास की… तुझाच विचार."

तो क्षणभर पुढचं विचारायचं विसरला. मीच भुवई उंचावली. तिसरा?

"अडथळा?"

गेटबाहेर त्याची बाईक उभी होती, वरच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालण्याचं नाटक करत होत्या, आत आई खोकत होती. सगळं जग कान लावून बसलेलं.

"काही नाही," मी म्हटलं.

तो हसला. पोटापर्यंत. तेजूने काढलाय तस्साच.

आणि आता दुपार. कागद माझ्या हातात. आमच्या फ्रिजवरही तीन रांगा आहेत. तेजूला माझ्या ऑफिससारखा फळा हवा होता. करायचंय, चाललंय, झालं. दात घासणे, खेळणी उचलणे, दूध. लिहिता येत नाही म्हणून सगळ्याची चित्रं. 'झालं'मधलं चित्र रात्री काढून टाकायचं, हा तिचा आवडता भाग. स्वतः फाडते आणि कचऱ्याच्या डब्यात टाकते.

"आई…"

ती उठली होती. केस चेहऱ्यावर, फ्रॉक वर चढलेला. माझ्या हातातला कागद बघून धावत आली. "हा पडला?"

"हो ग राणी. मॅग्नेट सैल झालं."

"मी नुसता लावला होता. रांगेत नव्हता लावला." तिने कागद घेतला, टाचा उंचावल्या. "अभयकाकाला कुठे लावू?"

ती थांबली होती, मासा हातात घेतलेल्या माणसाला हवेत धरून.

"चाललंयमध्ये लाव," मी म्हटलं. पहिल्यांदाच कोणासमोर. कान गरम झाले.

तिने मॅग्नेट दाबून दाबून बसवलं. मागे सरकून पाहिलं, खूश झाली. मग काहीतरी आठवल्यासारखी माझ्याकडे वळली. कपाळावर तीच आठी, जी माझ्या कपाळावर असते.

"आई, बाबाचं पण 'झालं' झालं होतं ना? म्हणून आपण इकडे आलो?" आणि मी काही बोलायच्या आत, त्या उभ्या केसांवरून हळूच बोट फिरवत, "मग हा 'झालं'मध्ये गेला, की ह्याला पण काढून टाकायचं?"